राष्ट्रपती निवडणूक : दुसऱ्या पसंतीचं गणित कोणी समजावेल का?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. भाची राज्यसेवेचा अभ्यास करतेय आणि काल रात्री आम्ही दोघी राष्ट्रपती निवडणुकीवर अडकलो.

मतमूल्यापर्यंत (एका आमदाराचं मत किती मतांचं धरायचं) गाडी नीट गेली. १९७१ ची लोकसंख्या भागिले आमदार, भागिले हजार. महाराष्ट्राचे ५,०४,१२,२३५ भागिले २८८ करून आमदारामागे १७५. गोव्याच्या आमदाराचं मत २० चं. (विधान परिषदेच्या आमदारांना मतच नसतं, हे मला या वयात कळलं!)

घोडं अडलंय ते पुढे. १९६९ च्या निवडणुकीत व्ही. व्ही. गिरींना पहिल्या पसंतीची ४,०१,५१५ मतं होती, कोटा (म्हणजे जिंकायला लागणारी मतं) ४,१८,१६९. मग तळाचे उमेदवार बाद करत त्यांच्या मतपत्रिकांवरची पुढची पसंती मोजली आणि गिरी ४,२०,०७७ वर पोचले. पण एखाद्याने नुसता १ लिहून बाकी रकाने कोरे सोडले असतील, तर त्याचा उमेदवार बाद झाल्यावर ती मतपत्रिका कुठे जाते? कोटा तेवढाच राहतो की घटतो? आणि शेवटी दोघंच उरले नि कोट्याला कोणीच पोचलं नाही, तर?

क्लासच्या नोट्समध्ये नुसतं 'मतांचे हस्तांतरण होते', संपलं. पाच-सहा मतपत्रिकांचं खोटं उदाहरण घेऊन कोणी दाखवलंत तरी चालेल. पेपर रविवारी आहे.