एल्फिन्स्टन यादीत का दिसत नाही?

बी-५०३: मुलीचा बीएचा फॉर्म भरतोय. मुंबई विद्यापीठाच्या यादीत एल्फिन्स्टन कॉलेज सापडतच नाहीये. साइट गंडलीय का?

ए-२०१: सर्व्हर असेल. रात्री अकरानंतर बघा.

सी-७०२: सर्व्हर नाही हो. एल्फिन्स्टन बाहेर पडलं. २०१९ ला होमी भाभा राज्य विद्यापीठ निघालं, त्यात एल्फिन्स्टन, सिडनहॅम, इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स आणि सेकंडरी ट्रेनिंग कॉलेज गेलं. केसी आणि एचआर ही कॉलेजं त्यानंतर एचएसएनसी विद्यापीठात.

ए-२०१: काय सांगता! जुनी नावं सगळी गेली. मग राहिलं काय? (परवाच फॉरवर्ड आला होता, मुंबई हे भारतातलं पहिलं विद्यापीठ म्हणून.)

ए-६०४ काका: तो फॉरवर्ड पुढे पाठवू नका. १८५७ साली तीन विद्यापीठं निघाली. कलकत्ता जानेवारीत, मुंबई १८ जुलैला, मद्रास सप्टेंबरात. आपला नंबर दुसरा. उत्तरेत उठाव पेटलेला आणि इथे विद्यापीठाचा कायदा होतोय, हा योगायोग मला नेहमी गमतीचा वाटतो.

आणि जुनी नावं गेली म्हणून इतकं हळहळायचं कारण नाही. हे विद्यापीठ सुरुवातीला शिकवतच नव्हतं! १८५४ च्या, शिक्षणाविषयीच्या वुडच्या खलित्यात नमुना होता लंडन विद्यापीठाचा. परीक्षा घ्यायची, पदवी द्यायची, बस. शिकवायचं काम एल्फिन्स्टन, ग्रँट मेडिकल, पुण्याचं डेक्कन अशा कॉलेजांचं. स्वतःची इमारतही नव्हती, कारभार टाउन हॉलमधून चालायचा. रानडे, भांडारकर १८६२ मध्ये बीए झाले तेव्हा विद्यापीठाच्या राजाबाई टॉवरचा, म्हणजे घड्याळाच्या मनोऱ्याचा, पायासुद्धा खणलेला नव्हता.

बी-५०३: काका, म्हणजे टिळक पुण्यात शिकून मुंबईचे पदवीधर?

ए-६०४ काका: अर्थात. १८७७ चे बीए, डेक्कन कॉलेजातून. गांधीजी राजकोटच्या शाळेतले, पण मॅट्रिक मुंबई विद्यापीठाची. कॉर्नेलिया सोराबजीसुद्धा पुण्यातूनच शिकून मुंबईच्या पदवीधर झाल्या. सिंध, गुजरात, कर्नाटकचा उत्तर भाग, सगळीकडचे पेपर इथेच यायचे. मग स्वातंत्र्यानंतर पुणे, गुजरात, कर्नाटक अशी विद्यापीठं निघाली आणि एकेक प्रदेश सुटत गेला. एल्फिन्स्टन हे त्यातलं अलीकडचं प्रकरण.

डी-३०२ ताई: राजाबाई टॉवरची गोष्ट सांगा ना. आंधळी आई, सूर्यास्ताआधी जेवायचं म्हणून घड्याळाचे टोले, ती खरी का?

ए-६०४ काका: ती गोष्ट सगळेच सांगतात, छान आहे. पक्कं एवढंच की प्रेमचंद रायचंद यांनी दोन लाख ग्रंथालयाला आणि दोन लाख मनोऱ्याला दिले, आणि आईचं नाव लावायला सांगितलं. हा पैसा कुठला, तर कापसाचा आणि शेअरचा. अमेरिकेत यादवी युद्ध, तिकडचा कापूस बंद, मुंबईच्या कापसाला भाव. १८६५ ला युद्ध संपलं आणि सगळा बाजार कोसळला. प्रेमचंदही बुडाले. पण देणगी आधीच झालेली! मनोरा १८७८ ला उभा राहिला. आराखडा जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटचा, आणि हा गृहस्थ मुंबईत एकदाही आला नाही.

डी-३०२ ताई: शेजारच्या दीक्षान्त सभागृहात मी पदवी घेतली. भाषण कोणाचं होतं आठवत नाही, पण गोल खिडकीतल्या रंगीत काचांवर बारा राशी आहेत, त्यात आपली रास शोधत मान दुखली होती.

ई-१०१: सगळं छान, पण निकालाचं काय? २०१७ ला पेपर कॉम्प्युटरवर तपासायला घेतले आणि निकाल महिनोन्महिने लटकले. कुलगुरूंना पदावरून जावं लागलं. इतिहास घेऊन पोरांनी करायचं काय?

ए-६०४ काका: बरोबर आहे तुझं. तो सावळा गोंधळच होता, त्याची बाजू मी घेणार नाही. पण कारण बघ. मुंबई शहर, उपनगर, ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, सात जिल्ह्यांतली शेकडो कॉलेजं, लाखो उत्तरपत्रिका. परीक्षा घेणं हा मूळ धंदा, आणि तोच अंगावर येतो. शिकवण्यात मात्र यांनी नाव काढलंय. समाजशास्त्र विभाग १९१९ चा, पहिले प्रमुख पॅट्रिक गेडिस, मग घुर्ये. १९३३ ला केमिकल टेक्नॉलॉजीचा विभाग काढला, तो इतका मोठा झाला की २००८ मध्ये स्वतंत्र झाला. तीच माटुंग्याची आयसीटी.

सी-७०२: २०२१ ला नॅकची, म्हणजे कॉलेज-विद्यापीठांचा दर्जा ठरवणाऱ्या संस्थेची, ए प्लस प्लस श्रेणीही मिळालीय.

ई-१०१: ती विद्यापीठाची. कोपऱ्यावरच्या कॉलेजची नाही.

ए-६०४ काका: हे मात्र लाख बोललास. बीएला मुलगी तीन-चार वर्षं कॉलेजात बसणार, विद्यापीठाच्या कलिना संकुलात नाही. तिथे शिकवणारी माणसं किती कायम, किती तासिका तत्त्वावर, ग्रंथालय किती वाजेपर्यंत उघडं, हे जाऊन विचारा. एमएला वेगळा विचार करा, तेव्हा कलिनाचे विभाग खरोखर कामाला येतात.

बी-५०३: झेवियर्स, रुईया स्वायत्त आहेत म्हणतात. त्यांची डिग्री मग कुणाची?

सी-७०२: मुंबई विद्यापीठाचीच. अभ्यासक्रम आणि परीक्षा त्यांच्या, पदवी विद्यापीठाची. एल्फिन्स्टनला गेली तर होमी भाभाची.

बी-५०३: तिला दोन्ही हवेत.

सी-७०२: मग दोन्ही फॉर्म भरा. तारखा वेगवेगळ्या असतात, एका यादीवर विसंबून राहू नका.