पावती मागितली की राग का येतो? इंदूरकरांनो, अनुभव लिहा

गच्चीवरची (लोकमान्य नगर)

२०२०च्या एप्रिलमध्ये आपलं इंदूर कसं कडेकोट बंद होतं ते आठवतच असेल. त्या दिवसांत माझ्या बाबांनी मोबाइलवर एका इंग्रज म्हाताऱ्याला पाहिलं. कॅप्टन टॉम मूर. दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानात आणि ब्रह्मदेशात राहून गेलेला, म्हणून बाबांना तो जरा जवळचा वाटला. वय ९९, हातात वॉकर, आणि घरासमोर पंचवीस मीटरच्या फेऱ्या. शंभरी भरायच्या आत शंभर फेऱ्या घालायच्या आणि लोकांनी तिथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या मदतनिधीला पैसे द्यायचे, असा बेत. मागितले होते १,००० पौंड, जमले ३ कोटी २८ लाख. सरकारकडून मिळणारी कराची भर धरली तर ३ कोटी ८९ लाख. राणीने त्याला जुलैत 'सर' केलं, पुढच्या फेब्रुवारीत तो गेला.

बाबांनीही गच्चीवर फेऱ्या सुरू केल्या. पाण्याच्या टाकीवर कोळशाने रेघा मारायचे. शंभर झाल्या त्या दिवशी आमच्या भागात रेशनच्या पिशव्या वाटणाऱ्या एका गृहस्थांना ५,००० रुपये पाठवले. त्या गृहस्थांचे तेव्हा रोज पेपरात फोटो येत होते.

नोव्हेंबर २०२४ मध्ये तिकडच्या धर्मादाय आयोगाचा अहवाल आला. टॉमच्या नावाने जी संस्था काढली होती, तिच्या कारभारात मुलगी आणि जावई यांच्याकडून वारंवार गैरवर्तन किंवा गैरव्यवस्था झाली, असं त्यात म्हटलंय. पुस्तकांच्या करारातले चौदा लाखांहून जास्त पौंड घरच्या कंपनीत गेले. त्यातला काही वाटा संस्थेला मिळेल असा लोकांचा समज करून दिला गेला होता. बागेत संस्थेच्या नावाने इमारत मंजूर करून घेतली आणि बांधताना वाढवून त्यात पोहण्याचा हौद काढला. ती पाडावी लागली. मुलीला दहा वर्षं आणि जावयाला आठ वर्षं कुठल्याही धर्मादाय संस्थेचं विश्वस्तपद घ्यायला बंदी आहे. त्या दोघांना अर्थातच हे मान्य नाही.

बाबांना वाचून दाखवलं. त्यांनी एवढंच विचारलं, "आणि ते पहिले पैसे?" ते सुखरूप आहेत. ते थेट आरोग्यसेवेच्या निधीकडे गेले होते, चौकशी त्यांची नव्हतीच. बाबा बरं म्हणाले आणि भाजी निवडत बसले. दोन दिवसांनी अचानक म्हणाले, "आपल्या त्या पाच हजारांची पावती घेतली होती का गं?"

म्हणून हे विचारतेय. ज्याला तुम्ही डोक्यावर घेतलं, त्याच्या किंवा त्याच्या घरच्यांच्या हिशेबाबद्दल मनात पाल चुकचुकली, असं कधी झालंय? नावं लिहू नका, संस्थाही नको. इंदूर वाढलं म्हणतात, पण आपल्या मराठी मंडळींपुरतं अजून तीन गल्ल्यांचंच आहे.

मल्हारगंजचा भाचा

आमच्याकडचा एक मुलगा थॅलेसेमियाच्या मुलांसाठी सायकलवर द्वारकेपर्यंत जाऊन आला. परतला त्या दिवशी राजवाड्यावर ढोल, हार, नगरसेवक, सगळं. माझ्या मामाने ११,००० दिले. मामा म्हणजे मूग मोजून शिजवणारा माणूस, हे लक्षात घ्या.

सहा महिन्यांत त्या घराला मार्बल लागला. मामा मला म्हणाला, तू विचार. मी गेलो, ओट्यावर त्याचे पाच-सहा दोस्त बसलेले. मी म्हटलं, कुठल्या दवाखान्यात किती दिले, ते कळलं तर बरं. तो हसला आणि म्हणाला, "भिया, भरोसा नी है क्या?" सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी 'तसं नाही रे' म्हणत चहा पिऊन परत आलो.

आजही मला माहीत नाही. मार्बल कर्ज काढून लावला असेल, सासऱ्याने दिला असेल. पण मामा आता कुणालाच देत नाही. मागच्या वर्षी शेजारच्या खऱ्याखुऱ्या पेशंटसाठी मुलं आली, तर दार लावून घेतलं.

साजननगरची वाचक

दुसरी बाजूही ऐका. मी पाच वर्षं वस्तीतल्या मुलांसाठी वाचनालय चालवलं. पुस्तकांना लोक हौसेने देत, वर आत नाव घालायला सांगत. विजेच्या बिलाला, झाडूला, पंखा दुरुस्तीला एक रुपया कोणी दिला नाही. तिसऱ्या वर्षी मी स्वतःसाठी महिना ४,००० घ्यायचं ठरवलं आणि ते फळ्यावर लिहिलं. झालं! "अच्छा, म्हणजे पगारावर आहात होय," असं एका काकूंनी माझ्या तोंडावर म्हटलं. चंदा निम्म्यावर आला. लिहिलं नसतं तर आरामात चाललं असतं, हे मला आजही खुपतं.

नवलखा सीए

साजननगरच्या ताई, तुम्ही बरोबर केलंत. कामाचा रास्त मोबदला घेणं गुन्हा नाही, घरच्या माणसाला देणंही नाही. ट्रस्टचा पैसा विश्वस्तांच्या नातेवाइकांच्या सोयीला वळवला, कामापेक्षा जास्त दिला, जागा फुकट वापरली, तर आयकराची सूट धोक्यात येते. त्या इंग्लंडच्या प्रकरणातही मुलीच्या पगारावरून आरडाओरडा झाला, पण खरी गोची संस्थेचा आणि घरचा खिसा एकच झाल्याची होती.

देणाऱ्यांसाठी थोडं. देणगीवर आयकराची सूट हवी तर २,००० रुपयांच्या वर रोख देऊ नका. संस्था आयकर खात्याला देणगीदारांची यादी देते आणि त्यावरून तुम्हाला देणगीचं प्रमाणपत्र मिळतं. ते मागा. नव्या करपद्धतीत ही सूटच नाही, म्हणून हल्ली कोणी मागत नाही आणि ज्याला द्यायचं नसतं त्याचं फावतं. आपल्याकडे समिती १९७३च्या सोसायटी कायद्याखाली असते किंवा न्यास १९५१च्या सार्वजनिक न्यास कायद्याखाली. रसीद-कट्ट्यावर नोंदणी क्रमांक नसेल तर तो कट्टा खजुरी बाजारात कोणालाही छापून मिळतो.

तिलकनगर, सध्या पुण्यात

मी उलट्या बाजूची आहे. जिच्यावर लोकांनी विश्वास टाकला, तिची मुलगी.

माझी आई एका मोठ्या सरकारी दवाखान्याच्या दारात पेशंटच्या नातेवाइकांना डबे द्यायची. निमाड, झाबुआकडून आलेली माणसं, खिशात परतीचं भाडंही नसायचं. सुरुवातीला घरची पोळी-भाजी, मग शेजारच्या बायका, मग चंदा. गणपतीत तिचा सत्कार व्हायचा. आमच्याकडे शालींची एक पेटी होती आणि नारळांचं काय करायचं हा दर सप्टेंबरचा प्रश्न. वर्गात बाई मला उभं करून सांगायच्या, ही त्यांची मुलगी. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू.

बाबांची नोकरी सुटली त्या वर्षी मी अकरावीत होते. तरी माझी फी वेळेवर भरली गेली. कुठून, हे मी विचारलं नाही.

आई गेल्यावर दोन वह्या सापडल्या. एक जाड, चंद्याची: तारीख, नाव, रक्कम, पुढे डाळ किती, तेल किती. दुसरी लहान, माझ्या जुन्या शाळेच्या वहीतून उरलेल्या पानांची. पहिल्या पानावर तिच्या तिरक्या अक्षरात 'डब्यातून उसने'. खाली माझी फी, भावाचा चष्मा, एका महिन्याचं भाडं. समोर फेडलेले हप्ते: ५०, १००, ७५. तीन वर्षं चाललंय ते. शेवटची ओळ 'बाकी १,१००', आणि त्यापुढे काही नाही.

मी कितीतरी वेळ ती वही धरून बसले. आईने पेटीत हात घातला होता, हे खरं. तिने एक-एक रुपया लिहून ठेवला होता, हेही खरं. यातलं कुठलं आधी सांगायचं, ते मला आजही ठरवता येत नाही.

पुढे डबे भावाने आणि वहिनीने चालवायला घेतले. फ्लेक्स लागला, त्यावर आईचा मोठा फोटो. चंदा दुप्पट आला, डबे मात्र तेवढेच. वही नव्हती. मी विचारलं तर वहिनी म्हणाली, "ताई, तुम्ही पुण्यात बसून हिशेब विचारता, इथं उन्हात उभं कोण राहतं?" तेही खोटं नव्हतं. भाऊ म्हणाला, आईच्या नावाला बट्टा लावतेस तू. मी गप्प बसले. दीड वर्षात कुणीतरी तक्रार केली, कागद मागितले गेले, कागद नव्हते. डबे बंद पडले.

आता इंदूरला आले की मंडईत जुनी माणसं भेटतात. पूर्वी थांबून आईबद्दल बोलायची. आता "कधी आलीस?" विचारतात आणि भेंड्या निवडायला लागतात. ते आईला चोर समजतात की भावाला, हे मला कळत नाही. विचारणार कसं? दोन्ही वह्या माझ्याकडे आहेत. त्या कुणालाच बघायच्या नाहीत.

रामबाग

वरचं वाचून मोठं काही लिहावंसं वाटत नाही. छोटीशी गोष्ट सांगतो.

कॉलेजात असताना मी पिवळा रबरी पट्टा घालायचो, कॅन्सरमधून उठून सायकल शर्यती जिंकणाऱ्या लान्स आर्मस्ट्राँगच्या संस्थेचा. काकाला कॅन्सर होता म्हणून. तिकडे तो पट्टा २००४ साली एका डॉलरला निघाला होता. २०१२ मध्ये आर्मस्ट्राँगची सातही जेतेपदं उत्तेजकांच्या प्रकरणात काढून घेतली, २०१३च्या जानेवारीत त्याने टीव्हीवर कबुली दिली. मी तावातावाने पट्टा कापून फेकला. काकू म्हणाली, "अरे, तो तू राजवाड्यासमोर ठेल्यावर दहा रुपयांत घेतला होतास ना?"

म्हणजे माझा पैसा संस्थेला कधी पोचलाच नव्हता. फसवणूक झाल्याचं दुःख मात्र मी पूर्ण वसूल केलं.

महेश्वरी आजोबा

अहिल्याबाईंच्या गावात हा विषय निघावा, याचं नवल वाटतं. काशी, सोमनाथ, गया, इथली बांधकामं बाईंनी खासगीतून, म्हणजे स्वतःच्या मालमत्तेतून केली. दौलतीचा पैसा वेगळा, खासगी वेगळी. राघोबादादांनी पैसा मागितला तेव्हा बाई म्हणाल्या म्हणे, 'यावर तुळशीपत्र ठेवलेलं आहे, दान म्हणून हात पसरत असाल तर संकल्प सोडून देते.' दादा चिडले. कथा असेल, पण आमच्या आजीने ती शंभरदा सांगितली.

मल्हारगंजचा भाचा

आजोबा, बाईंची गोष्ट थोर. पण त्या राज्य चालवत होत्या. तिलकनगरच्या ताईंची आई भाड्याच्या घरात राहत होती.

मिलवाला पोरगा

माझे वडील हुकुमचंद मिलमध्ये. अनंत चतुर्दशीच्या झांकीसाठी, म्हणजे मिरवणुकीतल्या चित्ररथासाठी, मजूर पगारातून चंदा द्यायचे. आमच्या ओळीत विसर्जनानंतर खर्चाचा कागद चहाच्या टपरीवर चिकटवत, बल्ब किती आणि बैलगाडी किती. त्यावर तुफान भांडणं होत. "दोन बल्ब कोणी खाल्ले?" म्हणून दोघं वर्षभर बोलत नव्हते. दुसऱ्या वर्षी पुन्हा तेच चंदा गोळा करायला बरोबर. १९९१च्या डिसेंबरात मिल बंद पडली. मजुरांची देणी मिळायला २०२३चा डिसेंबर उजाडला, तोवर वडील नव्हते. झांकी मात्र कोरोनाची दोन वर्षं सोडली तर त्या सगळ्या वर्षांत निघाली.

साहेब लोकांना हिशेब विचारायची लाज वाटते, हे मला इथं वाचून कळलं. आमच्याकडे न विचारणारा बावळट समजला जायचा.

साजननगरची वाचक

तिलकनगर, एक विचारू? ते १,१०० तुम्ही कुठं भरलेत?

तिलकनगर, सध्या पुण्यात

कुठंच नाही. भरायला डबाच राहिला नाही. दरवर्षी आईच्या तिथीला कुठल्या तरी अन्नछत्रात देऊन येते, पण वहीत लिहीत नाही. ते त्या खात्यातलं नाही ना.

गच्चीवरची (लोकमान्य नगर)

सगळं बाबांना वाचून दाखवलं. वह्यांच्या जागी त्यांनी थांबवलं आणि पुन्हा वाचायला लावलं. मिलच्या बल्बवर खूप हसले.

आमची पावती सापडली. लाल पंचांगात होती. त्यावर गणपतीचं चित्र आहे, सही आहे, रक्कम अक्षरी आहे. नोंदणी क्रमांकाची जागा कोरी. ते गृहस्थ आता साठीच्या पुढचे आहेत, त्यांचा मुलगा काम बघतो. बाबा म्हणतात फोन नको, समोर बसून विचारू, आणि आधी त्यांची तब्येत विचारू. रविवारी सकाळी पोह्यांच्या वेळेला जायचं ठरलंय. स्कूटर मी चालवणार, पावती बाबांच्या वरच्या खिशात.