यादीत नाव, पण खाते रिकामे

पंचनामा होऊन यादीत नाव लागले, तरी अतिवृष्टीचे अनुदान जमा का झाले नाही, या प्रश्नाचे उत्तर बहुधा आधारच्या जोडणीत सापडेल. तलाठ्याकडे पासबुकाची प्रत दिलेली असली, तरी थेट हस्तांतरणात रक्कम आधारशी जोडलेल्या खात्यातच जाते. माझ्या वडिलांचे पैसे वर्षभर न पाहिलेल्या एका जुन्या बचत खात्यात पडून होते आणि ते पासबुक भरून घेतल्यावरच कळले. यादीत नावापुढे दिलेला विशिष्ट क्रमांक घेऊन सेवा केंद्रात ई-केवायसी (आधारवरून ओळख पडताळणी) केली नसेल, तर रक्कम अडकू शकते. (झिजलेल्या अंगठ्याचा ठसा यंत्रावर उमटत नाही, तो भाग वेगळाच.) जमिनीचे खाते सामाईक असेल, तर इतर हिस्सेदारांचे संमतीपत्र लागते, आणि भावकीत ते मिळवणे पंचनाम्याहून अवघड.

रकमेबाबत एवढेच, की २०२२-२३ ते २०२५-२६ साठीच्या केंद्रीय निकषांनुसार किमान ३३ टक्के नुकसान असल्यास जिरायतीला हेक्टरी ८,५००, बागायतीला १७,००० आणि बहुवार्षिक पिकांना २२,५०० रुपये, तेही २ हेक्टरच्या मर्यादेत, असे दर आहेत. राज्य शासन कधी कधी त्यात वाढ करते. ही मदत बियाणे-खतांसारख्या निविष्ठांसाठीची आहे, बुडालेल्या उत्पन्नाची भरपाई नव्हे. पीकविमा ही स्वतंत्र बाब आहे.