मदत हवी आहे: थरच्या वाळवंटात पखुर्डी (सँडग्राउज पक्षी) पाण्यावर कधी बघावी?

मंडळी, गेल्या जानेवारीत जैसलमेरजवळच्या डेझर्ट नॅशनल पार्कला जाऊन आलो. माळढोक दुरून का होईना, दिसला. सोलापूरजवळच्या नान्नज अभयारण्यात तीन फेऱ्या फुकट गेल्या होत्या, त्यामुळे डोळे भरून आले म्हणा ना!

पण मन अडकलंय पखुर्डीत. सकाळी नऊच्या सुमारास एका नाडीवर (छोट्या तळ्यावर) थवा उतरला. आधी काठापासून लांब, उघड्या मातीत नुसता बसून राहिला. मग एकदम पाण्याशी धावला, दहा-बारा सेकंदांत घोट घेऊन भुर्र. कॅमेऱ्याचं झाकण काढेपर्यंत खेळ खलास.

पखुर्डीचा नर पोटाची पिसं पाण्यात भिजवून पिल्लांसाठी पाणी नेतो, ते मला बघायचंय. जानेवारीत काही तसं दिसलं नाही. पिल्लं असताना, म्हणजे मार्च-एप्रिलनंतर जावं का? ऊन सोसेन, तक्रार नाही. जीपमध्येच बसून राहावं की आडोसा करून? पाण्यापासून किती अंतर ठेवलं तर थवा बिचकत नाही? आमच्यामुळे ते तहानलेले परतायला नकोत.

शिवाय परतताना फलोदीजवळ खिचनला कांड्या करकोचे बघायचे होते, पण ते मार्चअखेर निघून जातात ना? दोन्ही एकाच फेरीत जमवलंय का कुणी?