मदत हवी आहे: घरच्या स्लीप टेस्टमध्ये 'माईल्ड' आलंय, पण मला काही ते पटत नाहीये

झोपमोड:
नमस्कार मंडळी, मोठं लिहितेय, सांभाळून घ्या. नवरा ४६ वर्षांचा. घोरतो तर लग्नापासूनच, त्याचं काही विशेष नाही, पण गेल्या वर्षभरात त्या घोरण्याचा प्रकारच बदललाय. आवाज चढत चढत जातो आणि एकदम बंद. छाती-पोट हलताना दिसतं पण हवा आत जातच नाही, मी उठून बसते, हलवू का नको असं होतं, तेवढ्यात दचकून मोठ्ठा श्वास घेतो, कूस बदलतो नि पुन्हा सुरू. सकाळी सांगितलं की म्हणतो मला मस्त गाढ झोप लागते, तुलाच झोप येत नाही म्हणून तू माझ्यावर पहारा देत बसतेस.

बाकी लक्षणं म्हणजे रात्री दोन-तीनदा लघवीला उठणं, सकाळी डोकं जड, बीपीच्या गोळ्या वाढवूनही बीपी जागचं हलत नाही. आणि मला खरी भीती आहे ती गाडीची, सिग्नलला थांबलं की याची मान पडते, मागच्यांनी हॉर्न मारला की जाग येते!

शेवटी डॉक्टरांनी स्लीप अ‍ॅप्नियाची, म्हणजे झोपेत श्वास अडण्याच्या आजाराची, घरी करायची टेस्ट दिली, नाकाखाली नळी, छातीला पट्टा, बोटाला चिमटा. रिपोर्टमध्ये एएचआय ९, माईल्ड. साहेब खूश, आता वजन कमी करतो म्हणाला आणि विषय संपला. माईल्ड म्हणजे सोडून द्यायचं असतं का? की लॅबमध्ये रात्रभर झोपून करायची ती टेस्ट मागू? कुणाला अनुभव असेल तर प्लीज सांगा.

घोरपड:
सोडून द्यायचं नाही. मी स्वतः सीपॅपवाला आहे (झोपेत मास्कमधून हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवणारं मशीन), म्हणून थोडं माहीत आहे. एएचआय म्हणजे तासाला किती वेळा श्वास पूर्ण किंवा बराचसा अडला, तेही किमान १० सेकंद. ५ च्या खाली नॉर्मल, १५ च्या आत माईल्ड, १५ ते ३० मॉडरेट, त्यावर सिव्हिअर. पण घरच्या टेस्टमध्ये बहुतेक वेळा डोक्याला वायरी नसतात, म्हणजे माणूस झोपलाय का नुसता पडलाय हे मशीनला कळत नाही, ते आपलं रेकॉर्डिंगच्या सगळ्या तासांनी भागून मोकळं होतं. त्या रात्री झोपले होते का नीट?

झोपमोड:
कसला झोपतोय, वायरी टोचतात म्हणून रात्री दोन वाजेपर्यंत मोबाईल बघत होता. रिपोर्टवर रेकॉर्डिंग ७ तास आणि एकूण ६३ वेळा श्वास अडला असं दिसतंय.

घोरपड:
मग करा की हिशोब. ६३ भागिले ७ म्हणून ९. झोप खरी ४ तासच झाली असेल तर ६३ भागिले ४, जवळजवळ १६, म्हणजे मॉडरेटमध्ये गेले. हे आपलं अंदाजाचं गणित, पण डॉक्टरांना हे 'दोन वाजेपर्यंत जागा होता' नक्की सांगा, ते सांगायचंच राहून जातं.

बिनधास्त:
एवढं टेन्शन घेऊ नका हो. नाकावर लावायच्या पट्ट्या मिळतात, माझं घोरणं त्याने बरंच कमी झालं. आणि झोप मोडत असेल तर डॉक्टरांकडून झोपेची हलकी गोळी घ्या, काकांना दिली होती, शांत झोपायचे.

रात्रपाळी:
बिनधास्त, गोळीचं असं परस्पर नका सुचवू. मी स्लीप लॅबमध्ये काम करते. पट्टीने नाक मोकळं होतं, आवाज थोडा कमी होईलही, पण अडतं ते मागे, घशात. झोपेत जिभेचे आणि टाळूचे स्नायू सैल पडतात आणि श्वास ओढला की ती जागा ओल्या स्ट्रॉसारखी चिकटते. झोपेच्या काही गोळ्यांनी आणि दारूने ते स्नायू आणखी सैल होतात, वर मेंदूला जाग यायलाही उशीर लागतो. काका शांत झोपायचे म्हणजे चांगले झोपायचे असं नाही.

झोपमोडताई, घरच्या टेस्टमध्ये जास्त आकडा आला तर त्यावर बऱ्यापैकी विसंबता येतं, कमी आला आणि लक्षणं मात्र एवढी असली तर लॅबची टेस्ट करायची असते. श्वास अर्धवट अडला, ऑक्सिजन फारसा पडला नाही पण मेंदू जागा झाला, असे प्रसंग घरच्या टेस्टमध्ये निसटतात. लॅबमध्ये मेंदूच्या लहरी असतात त्यामुळे ते पकडले जातात. रिपोर्टमध्ये अजून दोन गोष्टी बघा, ऑक्सिजन कमीत कमी कितीपर्यंत उतरला आणि पाठीवर असताना आकडा किती. काहींचा त्रास पाठीवर झोपल्यावरच असतो, त्यांना कुशीवर झोपायची सवय लावूनसुद्धा फरक पडतो.

आणि समजा खरंच माईल्ड निघालं, तरी दिवसा एवढी झोप येतेय, बीपी आहे, म्हणजे उपचार करतातच. सीपॅप तर आहेच, नाहीतर डेंटिस्ट मापाने बनवून देतात ते खालचा जबडा पुढे धरून ठेवणारं उपकरण, माईल्ड-मॉडरेटला बऱ्याच जणांना चालतं. वजन कमी केल्याचा फायदा नक्की होतो, करूच दे त्यांना, पण त्याला महिने लागतात आणि गाडी ते उद्या सकाळी चालवणार आहेत. उपचार सुरू होऊन झोप आटोक्यात येईपर्यंत स्टेअरिंग तुम्ही घ्या किंवा दुसरी सोय करा, यावर मी अजिबात वाद घालणार नाही.

झोपमोड:
खूप आभार सगळ्यांचे. तो भागाकार दाखवला तर गप्प झाला, बाकी कशानेच झाला नसता! लॅबची तारीख घेतलीये, गाडीच्या किल्ल्या माझ्याकडे. सध्या भांडण दाढीवरून चालू आहे, भरघोस ठेवतो आणि म्हणतो मास्क लागला तर दाढी काढणार नाही. दाढीतून हवा गळते का खरंच?

घोरपड:
तोंड-नाक दोन्ही झाकणाऱ्या मोठ्या मास्कला गळू शकते. नाकपुड्यांनाच टेकणारे छोटे मास्क मिळतात, ते मागा, मी दाढीसकट तेच वापरतो. फक्त तोंड उघडं टाकून झोपत असतील तर तिकडून हवा निसटते, ते लॅबवाल्यांना आधीच सांगा. आणि मशीन मिळालं की पहिले काही दिवस संध्याकाळी टीव्ही बघताना जागेपणी लावून बसायला लावा, रात्री झोपेत ओढून फेकण्याचं प्रमाण बरंच कमी होतं.