सहावी ते आठवीच्या मुलांना स्पोकन वर्ड शिकवतेय. स्पर्धेचा सूर कसा उतरवू?

मंडळी, जरा अडले आहे.

सहावी ते आठवीची मिळून बावीस मुलं, आठवड्याला चाळीस मिनिटांचे दोन तास आणि कार्यक्रमाला पाच आठवडे. स्पोकन वर्ड म्हणजे स्वतः लिहिलेली कविता स्वतः सादर करायची. हातात कागद नाही, वाद्य नाही, वेशभूषा नाही, आणि सगळं तीन मिनिटांच्या आत. मी भाषा शिकवते, नाटकाशी संबंध फक्त प्रेक्षक म्हणून. उपक्रम हौसेनं मीच ओढवून घेतलाय, त्यामुळे तक्रार करायलाही जागा नाही.

लिहिण्याचं गाडं रुळावर आहे. आधी अपेक्षेप्रमाणे आई, पाऊस आणि 'झाडे लावा' यांचा पूर आला. मग विषय देणंच बंद केलं आणि नुसत्या याद्या करायला लावल्या: घरात दिवसभर ऐकू येणारे आवाज, मला कुणीच न विचारलेले प्रश्न, मी मोठ्यांना मारलेल्या थापा. थापांच्या यादीला वर्ग इतका गप्प झाला की मलाच धास्ती वाटली. तिथून खरं काहीतरी यायला लागलं. सातवीतल्या एका मुलीनं मोठ्या बहिणीच्या जुन्या स्वेटरवर लिहिलंय. त्याच्या कोपराशी अजून ताईचंच कोपर आहे, मी हात घातला तरी ते माझं होत नाही, असं काहीसं. मी डस्टर शोधायच्या निमित्तानं पाठ फिरवली.

हीच मुलगी काल म्हणायला उभी राहिली. छाती पुढे, उजवा हात हवेत, "तोऽ स्वेटरऽऽ!" प्रत्येक ओळीचं शेपूट वर. 'मी' आला की हात छातीवर, 'आकाश' आलं की बोट छताकडे. वक्तृत्व स्पर्धेतला तो ओळखीचा सूर! पंधरा मुलं अशीच म्हणतात. उरलेली सात जमिनीकडे बघत आगगाडी सोडतात, दोन मिनिटांची कविता पन्नास सेकंदांत खलास. "सहज म्हणा", "मनापासून म्हणा" सगळं सांगून झालं. मनापासून म्हणा म्हटलं की आवाज आणखी चढतो, एवढाच फरक.

करून दाखवावं तर बावीस जण माझीच नक्कल करतील, म्हणून ते टाळतेय. मग काय करू? शिवाय शेवटी स्लॅमच, म्हणजे गुण देऊन कवितांचा सामना, घ्यावा असा सहकाऱ्यांचा आग्रह आहे, माझं मन होत नाही. आणि आठवीतल्या एका मुलाचा आवाज फुटतोय. मधेच चिरकतो, सगळे हसतात, परवा त्यानं वही परत आणून दिली. त्याच्यासाठी काही सुचत असेल तर आधी ते सांगा.

तिसरी घंटा:
मुलाचं आधी. या वयात स्वरयंत्र झपाट्यानं वाढतं, स्वरतंतू लांब आणि जाड होतात, आणि त्यांच्यावर पुन्हा ताबा बसायला वेळ लागतो. आवाज चढवायला गेलं की चिरकण्याची भीती जास्त. म्हणून त्याच्या कवितेत ओरडायच्या जागा ठेवूच नका, बोलायच्या पट्टीत माइकवर म्हणू दे. माइक असला की हळू बोललेलंही शेवटच्या रांगेला ऐकू जातं, हे मुलांना कुणी सांगतच नाही. तोंडापासून चार बोटं लांब आणि किंचित तिरका धरला की 'प', 'फ', 'भ' फुटत नाहीत. आणि त्याला स्वतःला मजा वाटत असेल तर चिरकणाऱ्या आवाजावर एक ओळ कवितेतच येऊ दे. त्यानं आधी हसून घेतलं की बाकीच्यांचं हसणं शिळं होतं. पण हे त्याच्यावर सोडा.

आता सूर. माझ्या मते भावना कमी पडते म्हणून तो येत नाही. पोरं कुणाशी बोलतच नसतात, सभागृहाला उद्देशून म्हणत असतात. म्हणून समोर एक माणूस द्या. जोड्या करून हातभर अंतरावर बसवा, कविता त्या एकालाच सांगायची. ऐकणाऱ्यानं मधेमधे "मग?", "कुणाचा स्वेटर?", "काय सांगतेस!" असं खरोखर विचारायचं आणि पुढची ओळ उत्तरासारखी यायची. दोन-तीन फेऱ्यांत शेपूट गळतं. मग ऐकणारा एकेक पाऊल मागे सरकतो. आवाज वाढतो, पण बोलणं बोलणंच राहतं. सूर परत आला की ऐकणाऱ्यानं काही न बोलता एक पाऊल पुढे यायचं. टीका नाही, पण कळतं बरोबर.

फळ्यावर लिहा: "मी तुला काल बोलावलं नव्हतं." प्रत्येक वेळी जोर वेगळ्या शब्दावर द्यायचा. 'मी'वर दिला की बोलावणारा दुसराच कुणी, 'तुला'वर दिला की बोलावलं होतं ते तुझ्या भावाला, 'काल'वर दिला की दिवस चुकला. हा खेळ एकदा हाती लागला की तास संपत नाही. त्यानंतर प्रत्येकानं आपल्या कवितेत एका ओळीत एकाच शब्दाखाली रेघ मारायची. सगळेच शब्द ठासून म्हणायची खोड त्यानं बरीच जाते.

आगगाडीवाल्यांना पेन्सिल द्या. श्वास घ्यायच्या जागी एक उभी रेघ, पूर्ण थांबायच्या जागी दोन. कागदावरची ओळ संपते तिथेच थांबायला हवं असं नाही, अर्थ कुठे वळतो ते बघायचं. दोन रेघांपाशी मनात 'एक, दोन' मोजायचं. त्यांना ते युग वाटतं, "बाई, सगळ्यांना वाटेल मी विसरलो!" मोबाइलवर ध्वनिमुद्रण करून ऐकवा, मगच पटतं.

हातांवर सरळ बंदी घाला, पहिले दोन आठवडे. नंतर अख्ख्या कवितेत एकच हालचाल, ती कुठे आणि का हे त्यानंच सांगायचं. 'आकाश' म्हणून वर बोट दाखवणं म्हणजे तीच गोष्ट दोनदा सांगणं.

खडूची धूळ:
थापांची यादी वाचून थोडी काळजी वाटली. "इथलं इथेच राहील" असं वचन मुलांना देऊ नका. एखाद्याला घरी किंवा बाहेर इजा होतेय असं कवितेतून कळलं तर तुम्हाला समुपदेशकांना सांगावंच लागेल, आणि वचन मोडल्यावर ते मूल पुन्हा काही लिहिणार नाही. "कुणाच्या जिवाला धोका नसेल तोवर इथेच" असं पहिल्याच दिवशी सांगून मोकळं व्हावं. दुसरं, वहीत लिहिलेलं सगळं स्टेजवर जायलाच हवं असं नाही. भाऊ, आई, मित्र कवितेत असतील तर ते समोरच्या रांगेत बसलेले असणार, याची आठवण करून द्या. मुलं हे साफ विसरतात.

मागच्या बाकावरून:
स्लॅमला माझाही विरोध, पण कारण वेगळं. शिकागोत मार्क स्मिथ यांनी १९८६ मध्ये ग्रीन मिल क्लबात स्लॅम सुरू केला. श्रोत्यांतलेच पाच परीक्षक, प्रत्येकी ० ते १० गुण, सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी सोडून उरलेल्या तिघांची बेरीज. म्हणजे कमाल ३०. तीन मिनिटांच्या वर दहा सेकंद सवलत, नंतर गुण कापणार. ही युक्ती होती पेंगणाऱ्या मोठ्या माणसांना ऐकायला लावायची. तिथे परीक्षकाची हुर्यो उडवता येते, बारा वर्षांचं पोर कुणाची उडवणार? त्याच्या डोक्यात ६.२ हा आकडा वर्षभर राहील. वेळेचं बंधन आणि वाद्य-वेशभूषा न वापरण्याचा नियम तेवढा उचला, तो खरंच चांगला आहे. गुणांच्या जागी ऐकणाऱ्यांनी लक्षात राहिलेली एक ओळ चिठ्ठीवर लिहून कवीला द्यावी. आणि आवडलेल्या जागी टाळ्यांऐवजी चुटक्या वाजवायला शिकवा, कविता तुटत नाही आणि ऐकणाऱ्यांनाही काम मिळतं.

धागाकर्ती:
दहा दिवसांनी परत आले. जोड्यांचा खेळ केला. स्वेटरवाल्या मुलीला समोरचीनं मधेच विचारलं, "मग तू नवीन का नाही मागितलास?" ती म्हणाली, "ताईचा वास गेला असता." ही ओळ कवितेत नव्हती, आता आहे. शेपूट पूर्ण गेलं नाही, शेवटच्या चार ओळींत अजून वर जातं. आठवीतल्यानं वही परत नेली. मित्राला बरोबर घेऊन दोघांनी मिळून म्हणायचं म्हणतोय. मी होकार दिला. चिठ्ठ्यांची कल्पना सहकाऱ्यांना पटली, फक्त मुख्याध्यापकांना 'निदान एक ढाल' हवी आहे. ते बघते.

आता नवीन संकट, पाठांतर. मधे अडकलं की मुलं पहिल्या ओळीपासून सुरू करतात. आणि ज्यांना मी कागद धरायची सूट दिली त्यांचा कागद इतका थरथरतो की बघणाऱ्यालाच घाम फुटावा.

तिसरी घंटा:
कागद पुठ्ठ्याच्या फाइलवर चिकटवा, थरथर दिसत नाही. पाठांतर उलटं करायचं: आधी शेवटचं कडवं, मग त्याच्या आधीचं जोडून शेवटपर्यंत, असं मागे मागे जायचं. म्हणजे म्हणताना पुढचा रस्ता जास्त जास्त ओळखीचा होत जातो. शेवटच्या चार ओळींचं शेपूटही बहुतेक त्यानं उतरेल, कारण तिथे "संपलं एकदाचं" अशी घाई असते. तालमीत मुद्दाम मधल्याच ओळीपासून सुरू करायला लावा. अडकलं तर थांबायचं, श्वास घ्यायचा, आधीची ओळ पुन्हा म्हणायची. श्रोत्यांना ते पालुपद वाटतं.

ढाल आठवीतल्या मुलाला आणि त्याच्या मित्राला मिळून द्या, अर्धी अर्धी वाटून घेतील.