मदत हवी आहे: कामाच्या जागी खाणं आणि हालचाल कशी तपासायची?

नमस्कार मंडळी. रत्नागिरीजवळच्या एका मासळी प्रक्रिया कारखान्यात मी कामगार कल्याणाचं काम बघते. माणसं 300च्या आसपास, निम्म्याहून जास्त बायका. आमची जागा लोकांच्या आरोग्याला कितपत पोषक आहे, याची पाहणी करायची आहे.

अमेरिकेतल्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेचं वर्कसाइट हेल्थ स्कोअरकार्ड, म्हणजे कामाची जागा आरोग्याला किती पोषक आहे हे तपासायची प्रश्नावली, वाचलं. चांगलं आहे, पण त्यात जिने वापरायला प्रोत्साहन देता का असं विचारतात. आमची शेड बैठी, जिनाच नाही! बायका दिवसभर एका जागी उभ्या राहून कोळंबी सोलतात. संध्याकाळी पोटऱ्या भरून येतात, पण हा काही व्यायाम नव्हे. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला 150 मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. तो यांनी कधी करायचा?

खाण्याचं तर जास्तच मनाला लागतं. परवा एका मावशींचा डबा पाहिला: तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी, आणि त्याच पिशवीत बीपीची गोळी. दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ हवं, इथे सुकटच खारी. कॅन्टीनमध्ये तळलेला बांगडा, लोणचं, पापड; चार वाजता वडापाव.

महिन्याभराच्या तेल-मिठाला ताटांच्या संख्येने भागलं, तर अंदाज बरोबर येईल का? कुणी मराठीत प्रश्नावली केली असेल तर कृपया द्या. आणि बायका मोकळेपणी बोलाव्यात म्हणून काय केलंत, तेही सांगा. माझ्यासमोर त्या सगळं "बरं आहे" म्हणतात.